गाडी रडते कशाने?

बंडीच्या आसाला ओंगण नसले, की चाक कुरकुरते. हे तुम्हाला कोणी सांगायला नको. शहाणा गाडीवान कुरकुर ऐकतो, बंडी थांबवतो आणि ओंगण घालतो. आळशी गाडीवान म्हणतो, "चालते आहे ना, चालू द्या." मग आस झिजतो. एक दिवस भर रस्त्यात चाक निखळते आणि धानाची पोती चिखलात पडतात.

मोटारगाडीचेही असेच आहे. मोटारीलाही चाके आहेत, आस आहे, ओंगण आहे. काही बिघडले, की मोटारही आवाज करते. पण बंडीचे चाक डोळ्यांना दिसते. मोटारीचे बरेचसे भाग झाकलेले असतात. त्यामुळे आवाज कोठून येतो, ते चटकन कळत नाही.

ते कसे ओळखायचे, हे या पाठात पाहू. त्यासाठी एक गोष्ट सांगतो. गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातला बिघाड आणि उपाय खरे आहेत.

म्हातारीने ऐकले

लाखनी तालुक्यातल्या एका गावी एक तरुण राहतो. त्याच्याजवळ जुनी जीपगाडी आहे. ती त्याने कर्ज काढून घेतली. नागपूरहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता लाखनीवरून जातो. त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. या रस्त्यावर लाखनी ते साकोली तो सवाऱ्या नेतो. आषाढात रोवणी सुरू झाली, की रोवणीच्या बायांना शेतावर पोहोचवतो.

एके दिवशी गाडीत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुझी गाडी काहून रडून राहिली?"

तरुणाने कान दिला. खरेच! गाडीने जरा वेग घेतला, की 'हूंऽऽऽ' असा बारीक, लांब आवाज येत होता. वेग वाढला, की आवाज चढे. गाडी थांबली, की आवाजही थांबे.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथला माणूस घाईत होता. त्याने गाडी चालवून पाहिली नाही. नुसते ऐकून घेतले आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. खोलावा लागेल."

तरुणाच्या पोटात गोळा आला. गिअरबॉक्स खोलायचा म्हणजे मोठा खर्च. वर गाडी चार दिवस उभी. चार दिवस कमाई नाही, आणि कर्जाचा हप्ता तर आठवड्यावर आलेला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "माझी पोत गहाण ठेवा."

त्याचा मामा जुना मिस्त्री. उभी हयात मोटारी दुरुस्त करण्यात गेली. तरुण मामाकडे गेला.

"मामा, गाडी रडून राहिली जी. गिअरबॉक्स गेला म्हणतात."

मामा म्हणाला, "पोरा, रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय वैद्य औषध देतो काय? चल, आधी गाडीला विचारू, तुझं दुखतं कुठं."

आवाज येतो कसा?

लहानपणी तुम्ही सायकलच्या फिरत्या चाकाला काडी लावली असेल. चाक हळू फिरले, की 'टक, टक, टक' असा आवाज येतो. चाक जोरात फिरवले, की टकटक वेगळी ऐकू येत नाही. सगळी मिळून एकच 'घर्रर्र' होते. चाक आणखी जोरात फिरले, की आवाज आणखी बारीक होतो.

गाडीच्या रडण्याचे मूळ हेच आहे. गिअर म्हणजे दाते असलेले चाक. एका चाकाचे दाते दुसऱ्या चाकाच्या दात्यांत अडकतात आणि त्याला फिरवतात. समजा, एका चाकाला २० दाते आहेत. ते एका सेकंदात २५ वेळा फिरते. मग एका सेकंदात ५०० वेळा दात्यावर दाता टेकतो. या ५०० ठोक्यांचा मिळून एक बारीक सूर होतो.

दाते चांगले असले आणि त्यांत तेल असले, तर हा सूर अगदी हळू असतो. दाते झिजले किंवा तेल कमी झाले, की तो कानाला टोचतो.

बेरिंगचेही तसेच. बेरिंग म्हणजे दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या पोलादाच्या गोळ्या किंवा लाटण्या. त्यांच्यावरच आस सहज फिरतो. गोळीला किंवा कडीला खड्डा पडला, की फिरताना प्रत्येक वेळी ठोका बसतो. गाडी रडू लागते.

आपल्या जिल्ह्यात गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा कारखाना आहे. तो १९८२ साली सुरू झाला. तेथे मोठ्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनतात. आवाज कमी व्हावा म्हणून गिअरचे दाते बहुधा तिरपे कापतात. तिरपा दाता एकदम आदळत नाही, हळूहळू टेकतो. मागे जाण्याच्या गिअरचे दाते मात्र पुष्कळ गाड्यांत सरळ असतात. म्हणून गाडी मागे घेताना जास्त रडते. ती त्या गिअरची रीतच आहे. बॅटरीवर चालणारी रिक्षाही थोडी रडते. तोही रोग नव्हे. पण जो आवाज काल नव्हता आणि आज आहे, त्याकडे लक्ष द्यायलाच हवे.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. जो भाग दुखतो, त्या भागाच्या गतीप्रमाणे आवाज बदलतो. इंजिनाजवळचा भाग दुखत असेल, तर इंजिनाच्या गतीने आवाज बदलेल. चाकाजवळचा भाग दुखत असेल, तर चाकाच्या गतीने बदलेल. सगळी परीक्षा या एका गोष्टीवर आहे.

मामाने विचारलेले प्रश्न

पहिला प्रश्न. गाडी उभी असताना आवाज येतो काय?

मामाने गाडी अंगणात उभी केली. हातब्रेक ओढला. गिअर काढला. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर हळूच दाबला. इंजिन गुरगुरले, पण रडणे ऐकू आले नाही. त्याने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवले. तरी आवाज नाही. क्लच दाबला, सोडला. तरी आवाज नाही.

मामा म्हणाला, "इंजिनाचा पट्टा नाही, पाण्याचा पंप नाही, स्टिअरिंगचा पंप नाही. क्लचचं बेरिंगही नाही. एवढी घरं सोड. आता पुढं चल."

दुसरा प्रश्न. वेग तोच ठेवून गिअर बदलला, तर आवाज बदलतो काय?

सकाळी रस्ता मोकळा होता. मामा शेजारी बसला. तरुणाने ताशी ४० किलोमीटरचा वेग धरला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. 'हूंऽऽऽ' सुरू झाले. मग त्याने वेग तोच ठेवून चौथा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज खाली आला. पण रडण्याचा सूर होता तसाच राहिला.

"ऐकलंस?" मामा म्हणाला. "इंजिनाची गती कमी झाली, चाकाची गती तीच आहे. आवाजही तोच आहे. म्हणजे दुखणं कोणाचं?"

"चाकाकडलं," तरुण म्हणाला.

"बरोबर. गिअरबॉक्सचा दाता रडत असता, तर एका गिअरमध्ये जास्त रडला असता, दुसऱ्यात कमी."

तिसरा प्रश्न. ॲक्सिलरेटर सोडला, तर आवाज बदलतो काय?

मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक मोठा गोल डबा असतो. त्यात दातेरी चाके असतात. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाचा जोर तिथून मागच्या चाकांना मिळतो. तिथले दाते झिजले असले, की ॲक्सिलरेटर दाबताना एक आवाज येतो आणि सोडताना दुसरा. तरुणाने दाबून पाहिले, सोडून पाहिले. आवाजात फरक पडला नाही.

चौथा प्रश्न. रस्ता बदलला, तर आवाज बदलतो काय?

टायर वाकडेतिकडे झिजले, तरी गाडी घुमते. पण डांबरी रस्त्यावर टायरचा आवाज एक असतो, सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा. मातीच्या रस्त्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. मामाने गाडी तिन्ही रस्त्यांवर नेली. आवाज तिन्हीकडे सारखाच होता. गाडी थांबवून त्याने टायरांवर हात फिरवला. टायर सारखे झिजले होते.

पाचवा प्रश्न. गाडी वळताना आवाज बदलतो काय?

उजवीकडचे वळण आले. 'हूंऽऽऽ' चांगलेच मोठे झाले. पुढे डावीकडचे वळण आले. आवाज जवळजवळ बंद झाला.

मामा हसला. "सापडलं! गाडी उजवीकडं वळली, की भार डाव्या चाकांवर पडतो. भार पडला की रडते, भार उतरला की गप्प होते. डाव्या बाजूच्या चाकाचं बेरिंग आहे."

वळणाचा हा जोर फार जुना आहे. अमेरिकेत सेंट लुई शहरात हेन्री टिमकेन नावाचा एक गृहस्थ घोडागाड्या बनवत असे. भरलेली गाडी वळली, की चाकावर आडवा जोर येई. त्या आडव्या जोरापुढे बेरिंग टिकत नसे. मग त्याने निमुळत्या लाटण्यांचे बेरिंग काढले. ते उभा भार सोसते आणि आडवा जोरही सोसते. त्याचा हक्क त्याला १८९८ साली मिळाला. ते बेरिंग घोडागाडीसाठी निघाले, पण आजही कितीतरी ट्रकांच्या आणि जीपगाड्यांच्या चाकांत तेच असते.

चाक हाताने तपासणे

डावीकडे चाके दोन. पुढचे की मागचे? मामाने पुढच्या चाकापासून सुरुवात केली.

त्याने गाडी सपाट, टणक जागेवर घेतली. बांधीच्या मऊ मातीवर जॅक लावला, तर तो खचतो. त्याने हातब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. मग जॅकने पुढचे डावे चाक जमिनीपासून जरासे उचलले.

तरुण गाडीखाली डोकावू लागला. मामा ओरडला, "बाहेर ये! जॅक गाडी उचलायसाठी आहे, खाली शिरायसाठी नाही. जॅक निसटला, तर गाडी अंगावर येते."

मामाने एक हात चाकाच्या वर धरला, एक हात खाली. चाक आत-बाहेर हलवले. ते 'खट खट' हलले. तो म्हणाला, "आता ब्रेक दाबून धर." तरुणाने ब्रेक दाबला. चाक हलायचे थांबले. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले, म्हणजे ढिलाई बेरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही चाक हलले असते, तर दुखणे दुसऱ्या सांध्यात असते.

मग ब्रेक सोडून मामाने चाक हाताने फिरवले. आतून जात्यासारखी खरखर आली. दुसऱ्या बाजूचे चाक उचलून फिरवले. ते मऊ फिरले.

खरे कारण पाण्यात

मिस्त्रीच्या आवारात चाक उघडले. आतले ग्रीस ताकासारखे पांढरे झाले होते. बेरिंगच्या लाटण्यांवर गंज आणि खड्डे होते. पाणी आत येऊ नये म्हणून रबराचे सील असते, ते फाटले होते.

मामाने विचारले, "गाडी पाण्यातून नेली होतीस काय?"

"हो जी मामा. रोवणीच्या बाया सोडायला जातो, तो नाला भरून वाहत होता. चाक अर्धं बुडलं होतं."

हे खरे कारण. पाणी सीलमधून आत गेले. ग्रीस धुऊन निघाले. पोलादावर पोलाद घासले आणि बेरिंग गेले. नुसते बेरिंग बदलून सील तेच ठेवले असते, तर पुढच्या पावसात पुन्हा तेच झाले असते.

मामाने आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही बेरिंगे नवी घातली. त्यांच्या कड्याही नव्या बसवल्या. जुन्या कडीत नवे बेरिंग लवकर मरते. नवे सील लावले. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन काढले, कोरडे केले आणि बेरिंगसाठीचेच ग्रीस भरले. नट किती कसायचा, हे गाडीच्या पुस्तकात पाहिले. नट फार कसला, तर बेरिंग तापून जळते. ढिला ठेवला, तर चाक डुलते.

मग उजवे चाकही उघडून पाहिले, कारण पाण्यातून तेही गेले होते. तिथे नवे ग्रीस भरले. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे तेलही पाहिले. तेल दुधासारखे दिसले असते, तर पाणी तिथेही शिरले असे समजायचे आणि तेल बदलायचे. पण तेल चांगले होते.

गिअरबॉक्स खोलावा लागला नाही. पोत गहाण ठेवावी लागली नाही.

आणि गाडी तशीच चालवली असती तर? बिघडलेले बेरिंग तापते. ते चालत्या गाडीत अडकू शकते. चाक जाम होते, नाहीतर निखळते. त्या वेळी गाडीत रोवणीच्या बाया असत्या.

तुमच्या गाडीचे दुखणे कोणते?

गाडी उभी असतानाच आवाज येतो आणि इंजिनासोबत चढतो. इंजिनाचा पट्टा पाहा. तो चिरला असेल किंवा गुळगुळीत झाला असेल, तर बदला. ढिला असेल, तर कसून घ्या. फार कसू नका, नाहीतर पंपाचे बेरिंग जाईल. पट्टा चांगला असेल, तर त्यावर फिरणाऱ्या पंपांचे किंवा वीज करणाऱ्या यंत्राचे बेरिंग तपासून घ्या. पाण्याचा पंप अडकला, तर पट्टा तुटतो आणि इंजिन तापते.

स्टिअरिंग फिरवताना आवाज येतो. स्टिअरिंगच्या पंपाचे तेल पाहा. कमी असेल, तर ते कोठे गळते हेही शोधा. नुसते तेल ओतून रोग जात नाही.

गाडी उभी आहे, गिअर काढलेला आहे आणि क्लच दाबल्यावर आवाज येतो. क्लचचे बेरिंग गेले असेल. उलट, क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर गिअरबॉक्समधले बेरिंग तपासायला सांगा.

एखाद्याच गिअरमध्ये आवाज येतो. आधी गिअरबॉक्सचे तेल पाहा. तेल कमी असेल, तर गळती बंद करून योग्य तेल भरा. तेलात लोखंडाचा चुरा दिसला, तर मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागेल.

ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना आवाज बदलतो. डिफरन्शियलचे तेल आणि दाते पाहून घ्या.

रस्त्याप्रमाणे आवाज बदलतो. टायर पाहा. हवा बरोबर ठेवा. चाके सरळ आहेत की नाहीत, ते तपासून घ्या.

वळताना आवाज कमी-जास्त होतो. चाकाचे बेरिंग पाहा. हल्लीच्या पुष्कळ लहान मोटारींत बेरिंग बंद डब्यासारखे असते. त्यात ग्रीस भरता येत नाही. ते अख्खेच बदलावे लागते.

लक्षात ठेवा

परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात करा. सवाऱ्या बसवून करू नका.

आवाज ऐकण्यासाठी चालत्या गाडीची किल्ली कधीही बंद करू नका. स्टिअरिंग जड होते किंवा अडकते. ब्रेकही जड होतो.

इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात नेऊ नका. गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा. बाईने पदर खोचून घ्यावा.

चाक हलते, जळका वास येतो किंवा एका चाकाजवळ फार गरम लागते, तर गाडी पुढे नेऊ नका. गरम लोखंडाला हात लावू नका, तळवा नुसता जवळ नेऊन पाहा.

गाडी पाण्यातून गेली असेल, तर चाकांचे ग्रीस तपासून घ्या. वाहत्या नाल्यात मात्र गाडी घालूच नका.

गॅरेजमध्ये नुसते "गाडी रडते" असे सांगू नका. कधी रडते, किती वेगात रडते, कोणत्या वळणावर रडते, हे कागदावर लिहून न्या. आता तुम्हाला लिहिता येते. ज्याच्या हातात असा कागद असतो, त्याला कोणी भलताच खर्च सहजासहजी सांगत नाही.

आणि शेवटची गोष्ट. गाडी चालवणाऱ्याच्या कानाला रोजच्या आवाजाची सवय होते. नवा आवाज पुष्कळदा बसणाऱ्यालाच आधी ऐकू येतो. या गोष्टीत तो म्हातारीने ऐकला. ती गप्प बसली नाही, म्हणून चाक वेळेवर उघडले. तुम्हीही गाडीत बसाल, तेव्हा कान उघडे ठेवा. काही वेगळे ऐकू आले, तर विचारा, "भाऊ, गाडी काहून रडून राहिली?"